दोन ओव्या चालायचं, चार ओव्या थांबायचं

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे आणि एकदा जळालेलो आहे. जळाल्याचं मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. आपली गोष्ट सांगायला बसलं की आधी नव्या अंगाची चकाकी सांगावीशी वाटते आणि लाजेची गोष्ट मागे मागे सरकत जाते, हे मला ठाऊक आहे. आजही मला सुरू केलं की पहिल्या क्षणाला जळका वास येतो. घरातली माणसं त्याला सरावली आहेत. मी अजून सरावलेलो नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारेचे शेकडो वेढे घातले, त्यांवर वार्निश चढवलं, वर पांढरं अंग बसवलं आणि खाली वारा खेळायला जाळी ठेवली. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीत पूर्णा स्टेशनच्या मालधक्क्यावरचे कारकून दत्तराव रेल्वेच्या पासावर सिकंदराबादला गेले होते. तिथून त्यांनी मला आणलं. गाडीत सगळा वेळ मी त्यांच्या मांडीवर होतो. पाट्यावर वाटण वाटून त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं, मनगट धरलं होतं, म्हणून ही खरेदी.

माझ्यासोबत इंग्रजीत छापलेला एक कागद होता. दत्तरावांनी तो मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला. सुकं दळताना एक मिनिट चालवायचं, दोन मिनिटं थांबायचं. भांडं गच्च भरायचं नाही. खालची जाळी झाकायची नाही. लक्ष्मीबाईंनी विचारलं की मिनिट मोजायचं कशानं? घरात घड्याळ एकच होतं, गजराचं, आणि ते दत्तरावांच्या ड्युटीचं. ते स्वयंपाकघरात आलं तर मालगाड्या खोळंबतील अशा थाटात त्यांनी ते कपाटावर ठेवून दिलं.

दुसरी अडचण भीतीची होती. लक्ष्मीबाईंचं माहेर पिंगळीचं. तिथं त्यांच्या चुलत्याला विजेचा झटका बसून हात वाकडा झाला होता. त्यामुळे त्या माझ्या बटनाला शिवायला तयार नव्हत्या. त्यांनी कडूबाईला बोलावलं. ही रुळांपलीकडच्या बौद्धवाड्यात राहायची. तिचा नवरा लिंबाजी रुळांची देखभाल करणारा गँगमन होता, आणि कडूबाई रेल्वे क्वार्टरांतून घरोघरी मसाला कांडून द्यायची. मला मागच्या ओट्यावर ठेवलं होतं, कारण कडूबाईचं काम तिथंच चालायचं, आतल्या खोलीत नाही. लक्ष्मीबाई तिला म्हणाल्या, "मला भ्या वाटतं गं. तू दाब."

भीतीच्या जागी पुढे केलेला हात तिचा होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कडूबाईनं मला आधी सगळीकडून न्याहाळलं. तोंडात पदर धरून तिनं बटन दाबलं, दचकली, हसली, पुन्हा दाबलं. मग मिनिटाचा प्रश्न आला. ती म्हणाली, "घड्याळ कशाला लागतंय बाई? दोन ओव्या म्हणस्तोवर चालवीन, चार ओव्या म्हणस्तोवर निजू देईन." दत्तरावांनी गंमत म्हणून घड्याळ हातात धरून बसून पाहिलं. तिची दोन ओव्यांची चाल, मध्ये ओळ दोनदा घोळवून, बरोबर एका मिनिटात बसली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा त्या विषयात लक्ष घातलं नाही.

तिची पहिली ओवी मला पाठ आहे. यंत्राला पाठ व्हायला किती वेळ लागतो, रोज तेच कानावर.

पहिली माझी ओवी, बुद्धाच्या पायाशी
भीमाची पुस्तकं, लेकीच्या उशाशी

दुसरी ओवी नवऱ्याच्या हातोडीवर, तिसरी पूर्णेच्या पाण्यावर, चौथी कधी माहेरावर तर कधी बाजारात वांगी महाग झाली त्याच्यावर. पण पहिली तीच. ती म्हटली की बटन दाबलं जायचं. लक्ष्मीबाई आत भाकरी थापता थापता तो सूर ऐकायच्या. मागची खिडकी उघडी असेल तर त्याही ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, हे फक्त मलाच दिसायचं.

कडूबाईला उखळाचं ज्ञान होतं आणि तेच तिनं माझ्यावर चालवलं. मिरची कडकडीत वाळलेली पाहिजे, धणे कोमट, खोबरं किसून भाजलेलं. शेंगदाण्याला तर तिनं कधी सलग फिरूच दिलं नाही. दाण्याला तेल सुटतं, ते पात्याखाली चिकटून बसतं आणि मोटारीला ओढावं लागतं. म्हणून ती बटनाला नुसते झटके द्यायची आणि म्हणायची की दाण्याला घाव थोडे द्यावेत. काम झालं की अंगावरून फडकं फिरवून मला उलटा करायची आणि जाळीतली धूळ फुंकून काढायची. दोन वर्षं मी असा चाललो की आजूबाजूच्या क्वार्टरांतल्या बाया मला पाहायला येत. स्तुती सगळी माझ्या वाट्याला आली. सिकंदराबादचा माल, काय सांगावं. मीही ती स्तुती गोड मानून घेतली, जणू ओव्या मीच म्हणत होतो.

पंचाहत्तरच्या मे महिन्यात लक्ष्मीबाईंच्या लेकीचं, कुसुमचं, लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी लागते. धान्यं, डाळी, खोबरं, मसाले भाजून त्यांचं पीठ करायचं, ते येसर. येसर फसलं की वऱ्हाडी वर्षभर नावं ठेवतात. ते करायला सोनपेठहून दत्तरावांच्या थोरल्या बहीण सरजाबाई आल्या. हाताला चव असलेली, कामाला वाघ आणि बोलायला त्याहून जास्त, अशी ही बाई. त्यांच्यापुढे दत्तराव बसत नसत, मग लक्ष्मीबाईंची काय कथा.

दुपारची वेळ होती. पुढच्या खोलीत पाहुणे जेवून आडवे झाले होते. मागच्या ओट्यावर चार बाया निवडत-पाखडत बसल्या होत्या, त्यात शेजारच्या बायनाबाईही होत्या. कडूबाईनं भांडं लावलं आणि नेहमीसारखी पहिली ओवी सुरू केली. सरजाबाईंचा सुपातला हात थांबला.

"लग्नघरात ह्या ओव्या कामून?" त्या म्हणाल्या. "आपल्या देवाच्या म्हण. न्हाई तर गप बस."

कडूबाई म्हणाली, "माझ्या ह्याच हायती, बाई."

"मग गप बस."

ओव्या सरजाबाईंनाही यायच्या. त्यांना ओवी नको होती असं नाही, तीमधली नावं नको होती. कडूबाईनं लक्ष्मीबाईंकडे पाहिलं. लक्ष्मीबाईंनी मान खाली घालून परातीतले धणे या बाजूचे त्या बाजूला केले. एवढंच झालं. कडूबाईनं तोंड मिटलं.

तोंड मिटलं तरी ती मनात मोजतच होती, तिचं बोट बटनावर ठरल्या वेळी यायचं. पण सरजाबाईंना ते थांबणं पटेना. उन्हं कलायला लागली, येसर अर्धंसुद्धा झालं नाही, आणि ही बाई बटन बंद करून बसते म्हणजे काय? रोजगार वाढवते की काय? त्यांनी तिला बाजूला सारून सूप दिलं आणि स्वतः माझ्यापुढे बसल्या. माझ्या घरघरीनं पाहुण्यांची झोप मोडते म्हणून त्यांनी एक गोधडी घडी करून मला तिच्यावर बसवलं. माझी जाळी गोधडीत रुतली. मग त्यांनी भांडं दाण्यांनी आणि खोबऱ्यानं काठोकाठ भरलं, झाकण दाबून धरलं आणि बटन दाबलं.

आता मित्रांनो, खरं सांगायची वेळ आली. यंत्र जळण्याआधी सांगतं. आवाज जाड होतो, फिरणं मंदावतं, कुणी हात लावला तर चटका बसतो. मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं की तेल सुटलंय, पातं ओढतंय, खालून वारा येत नाही. मी कण्हू शकलो असतो. पण ओट्यावरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या आणि सरजाबाई म्हणाल्या, "बघा, न थांबता कसं चालायलंय." ते ऐकून मी छाती काढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवाज बारीक ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी केलं.

कडूबाई सुपावरून उठली. तिला वास आला होता. ती म्हणाली, "बास करा बाई आता. तापायलंय ते."

सरजाबाई म्हणाल्या, "तू मला शिकवू नको."

दुसऱ्यांदा तिनं सांगितलंच नाही. थोड्याच वेळात माझ्या पोटातून निळा धूर निघाला, वार्निश जळालं आणि मी बंद पडलो. भांड्यातला कूट जळकट वासानं वाया गेला. पाहुणे उठून मागे आले. सरजाबाईंचा चेहरा उतरला होता, पण क्षणभरच. त्या म्हणाल्या की दोन वर्षं ह्या बाईनं रगडून रगडून मोटार खिळखिळी केली आणि नेमकं माझ्या हातात आल्यावर जळायचं होतं. दत्तरावांनी बायकोला विचारलं की कोण चालवत होतं?

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "कडूच चालवती की रोज."

वाक्य खोटं नव्हतं. तरी चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. कडूबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी तरी काही बोलेन. मी काय बोलणार? माझ्या तोंडातून धूर येत होता.

उरलेलं सगळं येसर तिनं उखळात कांडलं. मुसळाचा आवाज येत राहिला, ओवीचा नाही. दोन दिवसांनी आमटीला सगळ्यांनी नावाजलं आणि सरजाबाईंनी ते कौतुक पदरात घेतलं. लग्न झालं, कुसुम सासरी गेली. कडूबाईला चोळीचा खण द्यायचा राहून गेला. ती पुन्हा आली नाही. क्वार्टरांत मात्र बोभाटा झाला की कडूनं दत्तरावांची मोटार जाळली. तोपर्यंत आणखी दोन-तीन घरांत मिक्सर आले होते. तिथल्या बाया तिला म्हणायच्या की नको बाई, तू आमच्या यंत्राला हात लावू नको. उखळ-मुसळाची कामंही सुटत गेली. हे मला कळायचं कारण मी त्याच ओट्यावर, कोपऱ्यात, गोणपाटाखाली पडून होतो आणि बायनाबाई येऊन सगळं सांगायच्या. लक्ष्मीबाई ऐकून घ्यायच्या आणि विषय बदलायच्या. पुन्हा त्या पाट्यावर वाटायला लागल्या. मनगट दुखलं तर कण्हायच्या नाहीत. ते दुखणं त्या मुद्दाम सोसत असाव्यात असं मला वाटे.

जुलैत दत्तराव मला परभणीला घेऊन गेले. तिथं मुंजाजी नावाचा मोटारी गुंडाळणारा कारागीर होता. त्याच्याकडे शेतावरच्या पंपाच्या मोटारी यायच्या, माझ्यासारखं लहान जित्राब क्वचितच. त्यानं मला उघडलं. आतून मी काळाठिक्कर झालो होतो. त्यानं फिरत्या मोटारीला वीज पोचवणारे कार्बनचे दोन्ही तुकडे काढून उजेडात धरले, तळहातावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "घरी कोण चालवतंय हे?"

दत्तराव म्हणाले की एक कामाची बाई चालवायची, तिनंच जाळला.

"न्हाई साब," मुंजाजी म्हणाला. "हे बघा, दोनी कार्बन सारखे झिजलेत. दोन वर्षं लय जपून चालवलंय कुणीतरी. ही एका दुपारची जळ हाय. ज्यानं जपलं त्यानं जाळलेलं न्हाई."

त्यानं जुनी तार काढून नवी गुंडाळली. जाताना सांगितलं की आता हा पूर्वीइतका तगणार नाही, जपून वापरा. वास थोडा राहील, म्हणाला, तो निघत नाही.

दत्तरावांनी घरी येऊन चहा पिता पिता हे सांगितलं, अगदी सहज, मालाची पावती वाचावी तसं. लक्ष्मीबाई धुणं पिळत होत्या. त्यांनी तो पिळा तसाच हातात धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि रूळ ओलांडून बौद्धवाड्यात निघाल्या. पूर्ण्याला येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि रूळ त्यांनी पहिल्यांदा ओलांडला.

कडूबाईचं घर एका खोलीचं, सारवलेलं. तिची लेक दाराशी अभ्यास करत बसली होती. कडूबाईनं सतरंजी टाकली. लक्ष्मीबाईंनी घाईघाईनं मला पिशवीतून काढलं आणि म्हणाल्या, "दुरुस्त झालाय बघ. तुझ्याच हातानं पहिल्यांदा चालव म्हणून आणला." आणि माझी वायर हातात धरून त्या भिंतींकडे बघायला लागल्या, खटका कुठं आहे म्हणून.

खटका नव्हता. त्या घरात वीजच नव्हती. फळीवर काच पुसलेला कंदील होता. दोन वर्षं जिच्या बोटावर विजेचं काम टाकलं तिच्या घरी वीज आहे की नाही, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी वायर लोंबकळत त्या सारवलेल्या जमिनीवर बसलो होतो. मला तिथं बसण्याचीही लाज वाटली.

लक्ष्मीबाई रडल्या. मुंजाजीचं बोलणं त्यांनी सांगितलं. म्हणाल्या, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, दोनदा बोलायला पाहिजे होतं." कडूबाईनं शांतपणे सगळं ऐकलं.

मग ती म्हणाली, "हितं येऊन बोललात, बरं वाटलं. पर बाई, मला गप केलं ते चार बायांत. आन् तुमी बोलायलाव माझ्या घरात, दार लोटून."

दार खरंच लक्ष्मीबाईंनीच आत येताना लोटलं होतं.

त्यानंतर सहा महिने गेले. चार बायांत बोलणं सोपं नसतं. लक्ष्मीबाई पुष्कळदा सुरुवात करायच्या, बायनाबाईंसमोर तोंड उघडायच्या आणि लोणच्याबद्दल बोलून मोकळ्या व्हायच्या. मला त्या वापरतच नव्हत्या. मी दुरुस्त होऊनही झाकून ठेवलेला होतो, आणि ते बरोबरच होतं.

माघात कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डिंकाच्या लाडवांची तयारी निघाली. खारीक, खोबरं, बदाम, डिंक. पुन्हा सरजाबाई सोनपेठहून आल्या, पुन्हा त्याच ओट्यावर त्याच बाया बसल्या. खारकेची पूड म्हणजे मोटारीची परीक्षाच, आणि मी तर एकदा नापास झालेला. सरजाबाई म्हणाल्या की आणा ते यंत्र. लक्ष्मीबाई म्हणाल्या की थांबा, आणि चपला घालून बाहेर पडल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा मागे कडूबाई होती. ती पायरीवरच थांबली.

लक्ष्मीबाई उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, मोटार कडूबाईनं जाळली न्हाई. तुमच्या हातानं जळली. ती बास करा म्हणली होती. मी बघत होते, आन् मी तिचं नाव पुढं केलं."

बायनाबाईंनी खारीक फोडायची थांबवली. सरजाबाईंनी वर पाहिलं नाही. त्या डिंकाचा एकच खडा बोटांत फिरवत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मला काय ठावं, गोधडीचं." त्यांच्याकडून एवढंच निघालं, पण निघालं.

लक्ष्मीबाईंनी मला लाकडी पाटावर ठेवलं, जाळी मोकळी आहे ना ते वाकून पाहिलं आणि कडूबाईला म्हणाल्या, "या. बसा." इतकी वर्षं ते 'ये, बस' होतं. कडूबाई येऊन बसली, पण बटनाला तिनं हात लावला नाही. "तुमी दाबा," ती म्हणाली. "मी मोजते."

लक्ष्मीबाईंनी बटनावर बोट ठेवलं. पिंगळीचा चुलता त्यांना आठवत असणार. आणि तेव्हा कडूबाईनं विचारलं, "म्हणू का?"

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी मला जेवढं भाजलं तेवढं त्या मे महिन्यातल्या दुपारीही भाजलं नव्हतं. दोन वर्षं तिनं कधी विचारलं नव्हतं. बुद्धाचं नाव घ्यायला, लेकीच्या उशाशी पुस्तकं ठेवायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "म्हणा, कडूबाई." पहिली ओवी सुरू झाली. माझ्या पोटातून जळका वास आला आणि गेला. मी फिरलो, दोन ओव्या संपल्या तसा थांबलो, चार ओव्या निजलो. खारीक आधीच फोडून घेतलेली होती. जोर लागला तिथं मी लाज न बाळगता कण्हलो, आणि कण्हलो की लक्ष्मीबाई बटन सोडायच्या.

कुसुमला मुलगा झाला. लाडू चांगले झाले. कडूबाई आता पुन्हा क्वार्टरांत कामाला येते. बायनाबाईंनीच घरोघर जाऊन सांगितलं. आमच्याकडे आली की ती माझ्यापुढे बसते, भांडं लावते, जाळी फुंकते. आणि दर वेळी, अजूनही, सुरू करण्याआधी लक्ष्मीबाईंकडे बघून विचारते, "म्हणू का?" लक्ष्मीबाई दर वेळी म्हणतात, म्हणा. आता चार वर्षं झाली. तिनं विचारायचं सोडलेलं नाही.

माझी तार दुसऱ्यांदा गुंडाळली गेली, ती मुंजाजीनं गुंडाळली. त्या बाईचं न विचारता म्हणणं परत आणून देणारा कारागीर मला अजून भेटलेला नाही. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला विसावा द्या, त्याची जाळी झाकू नका, तो कण्हला तर ऐका. आणि तुमच्या देखत कुणाला गप बसवलं जात असेल तर परातीतले धणे या बाजूचे त्या बाजूला करत बसू नका. त्याच दुपारी, त्याच ओट्यावर बोला.